विरळ हवेतील टेहळणी

उंच आकाशातून टेहळणी करणाऱ्या वैमानिकाचे काम लढाऊ वैमानिकाच्या कामापेक्षा मुळातच निराळे असते. त्याच्या विमानावर बहुधा शस्त्र नसते, शत्रूशी झुंज घेणे त्याच्याकडून अपेक्षित नसते, आणि ठरलेल्या उंचीवर, ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या दिशेने विमान सरळ रेषेत नेऊन परत आणणे एवढेच त्याचे कर्तव्य असते. ही सरळ रेषा परक्या मुलखावरून जाते, ती टिकवताना झुकता येत नाही की झटकन वळता येत नाही, आणि ज्या उंचीवर ती आखलेली असते तेथे मानवी शरीर यंत्राच्या मदतीशिवाय काही सेकंदांपलीकडे तग धरू शकत नाही. म्हणून वरकरणी सोप्या वाटणाऱ्या या उड्डाणाला विमानविद्येतील अत्यंत अवघड कामांमध्ये स्थान मिळाले आहे. भारतीय हवाईदलात हे काम प्रामुख्याने दोन विमानांनी केले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलेले ब्रिटिश बनावटीचे कॅनबेरा हे पहिले आणि १९८१ मध्ये आलेले सोव्हिएत बनावटीचे मिग-२५ हे दुसरे. या दोन विमानांचा अनुभव एकमेकांशेजारी ठेवून पाहिला की या व्यवसायाचे स्वरूप बरेचसे उलगडते.

प्रथम उंचीचा हिशेब नीट लावला पाहिजे आणि त्यासाठी डोंबिवलीच्या माथ्यावरचे आकाश हे सोयीचे मोजमाप आहे. मुंबईच्या विमानतळाकडे उतरत येणारी विमाने या परिसरात जमिनीपासून अवघी एक-दोन किलोमीटर उंच असतात. लांब पल्ल्याची प्रवासी विमाने दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून पार होतात. कॅनबेरा विमान ४८,००० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे साडेचौदा किलोमीटरपर्यंत जात असे. आणि मिग-२५ ची वाट वीस किलोमीटरच्याही वर होती. ढग, पाऊस आणि वादळे ज्या थरात घडतात त्या तपांबराची वरची सीमा, जिला भूगोलाच्या पुस्तकात तपस्तब्धी म्हणतात, ध्रुवांकडे खाली आणि विषुववृत्ताकडे वर असते. कोकणासारख्या उष्णकटिबंधीय प्रदेशावर ती सोळा-सतरा किलोमीटरवर असून तेथील तापमान उणे ७५ ते ८० अंश सेल्सिअस इतके खाली जाते. त्यापलीकडे स्थितांबर सुरू होते. एकवीस किलोमीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या जेमतेम पाच टक्के उरतो, दिवसाही वरचे आकाश गडद निळसर काळे दिसते आणि क्षितिज सुमारे ५१५ किलोमीटर दूर जाते. डोंबिवलीच्या बरोबर वर एवढ्या उंचीवर असलेल्या वैमानिकाच्या क्षितिजाच्या आत दक्षिणेकडे पणजी आणि उत्तरेकडे अहमदाबाद ही दोन्ही शहरे येतात, कारण दोहोंचे सरळ अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. क्षितिजाजवळचा भाग धूसर आणि तिरका दिसत असल्याने छायाचित्रणासाठी त्याचा उपयोग मर्यादित असतो हे खरे. तरीही सीमा न ओलांडता पलीकडे डोकावण्याची शक्यता या भूमितीतूनच निर्माण होते.

या उंचीचा अनुभव शांततेच्या काळात घेतलेला एक माणूस ठाणेकरांच्या परिचयाचा आहे. ठाण्यात १९२५ मध्ये सुरू झालेल्या लोकरी कापडाच्या गिरणीमुळे घराघरांत पोहोचलेल्या रेमंड उद्योगाचे माजी प्रमुख विजयपत सिंघानिया यांनी २६ नोव्हेंबर २००५ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, मुंबईतून गरम हवेच्या फुग्याने उड्डाण करून २१,०२७ मीटर उंची गाठली आणि पेर लिंडस्ट्रँड यांचा १९८८ मधील १९,८११ मीटरचा विक्रम मोडला. फुगा नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यात उतरला. त्याचा मार्ग वाऱ्याच्या स्वाधीन होता. मात्र दक्षिण मुंबई आणि सिन्नर ही दोन ठिकाणे नकाशावर सरळ रेषेने जोडली, तर ती रेषा डोंबिवलीच्या अगदी जवळून जाते. या उड्डाणासाठी उघडी टोपली चालणार नव्हती. आतला दाब राखणारी बंदिस्त धातूची कुपी तयार करावी लागली, आणि तसे का करावे लागले हे समजून घेतल्याशिवाय टेहळणी वैमानिकाचे जीवन समजत नाही.

श्वसनाचे गणित पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मांडले जाते. समुद्रसपाटीवर हवेचा दाब ७६० मिलिमीटर असतो आणि त्यातील सुमारे १६० मिलिमीटर वाटा ऑक्सिजनचा असतो. मिश्रणातील एका वायूच्या अशा वाट्याला अंशदाब म्हणतात. फुफ्फुसात मात्र ऑक्सिजनला सगळी जागा मिळत नाही. शरीराच्या ऊबेमुळे तयार होणारी पाण्याची वाफ ४७ मिलिमीटर आणि रक्तातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड सुमारे ४० मिलिमीटर इतका वाटा कोणत्याही उंचीवर घेतातच. ४०,००० फुटांवर बाहेरचा एकूण दाब १४१ मिलिमीटर असतो. त्यातून हे दोन वाटे वजा केले तर पन्नास-साठ मिलिमीटर उरतात, म्हणजे वैमानिक शंभर टक्के शुद्ध ऑक्सिजन घेत असला तरी त्याच्या फुफ्फुसाला तीन किलोमीटर उंच डोंगरावरच्या माणसाइतकाच ऑक्सिजन मिळतो. येथपर्यंत साधा मुखवटा पुरतो. त्याहून वर ऑक्सिजन दाबाने आत ढकलावा लागतो आणि तेव्हा श्वसनाची रीतच उलटी होते: एरवी श्वास घेण्याला श्रम पडतात व सोडणे आपोआप होते, येथे छाती आपोआप फुगते आणि श्वास जोर लावून बाहेर काढावा लागतो. बोलायचे तर तोही प्रयत्न याच ताणाविरुद्ध करावा लागतो, आणि म्हणून अशा उड्डाणांच्या प्रशिक्षणात श्वासाचा सराव विमान हाकण्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

६३,००० फुटांवर, म्हणजे सुमारे १९ किलोमीटरवर, बाहेरचा दाब नेमका ४७ मिलिमीटर होतो. फुफ्फुसातील वाफेचाच दाब तेवढा असल्याने ऑक्सिजनसाठी जागाच उरत नाही, आणि ३७ अंश तापमानाचे उघडे पाणी, म्हणजे लाळ, अश्रू, डोळ्यांवरील ओलावा, तेथे उकळू लागते. अमेरिकी हवाईदलातील वैद्यकतज्ज्ञ हॅरी आर्मस्ट्राँग यांच्या नावाने ही सीमा ओळखली जाते. चंद्रावर उतरलेले नील आर्मस्ट्राँग ते हे नव्हेत. १९६६ मध्ये ह्यूस्टन येथील निर्वात कक्षात अवकाश-पोशाखाची चाचणी चालू असताना जिम लेब्लँक या तंत्रज्ञाच्या पोशाखाची नळी सुटली, तेव्हा सुमारे चौदा सेकंदांत त्याची शुद्ध हरपली आणि त्यापूर्वी जिभेवरची लाळ उकळत असल्याचे त्याला जाणवले. तातडीने दाब वाढवल्यामुळे तो वाचला. रक्त मात्र वाहिन्यांच्या बंदिस्त दाबाखाली असल्यामुळे लगेच उकळत नाही. ते उकळते ही सार्वत्रिक समजूत दुरुस्त करण्याजोगी आहे.

या साऱ्यातून दाबपोशाख आला. विमानाची केबिन हवाबंद असतेच, परंतु काच तडकली किंवा आसनासह बाहेर पडण्याची वेळ आली तर पोशाख हीच वैमानिकाची केबिन बनते. मिग-२५ चे वैमानिक बंदिस्त शिरस्त्राणासह असा पोशाख घालून उडत. पोशाखापूर्वीही बरीच तयारी असते. अतिउंच उड्डाणाच्या आधी, विशेषतः अमेरिकी यू-२ टेहळणी विमानाच्या वैमानिकांना, सुमारे तासभर शुद्ध ऑक्सिजनवर ठेवले जाते. रक्तात व ऊतींत विरघळलेला नायट्रोजन धुऊन निघाला नाही तर दाब घटताच त्याचे बुडबुडे होऊन सांध्यांत तीव्र वेदना आणि क्वचित पक्षाघातही होतो. आहारही आखलेला असतो. केबिनमधील दाब आठ किलोमीटर उंचीइतका ठेवला तर आतड्यातील वायू जवळजवळ तिपटीने फुगतो, त्यामुळे उसळी, वाटाणे, कोबी यांसारखे पदार्थ आदल्या दिवसापासूनच वर्ज्य ठरतात आणि प्रथिने अधिक व चोथा कमी असे अन्न दिले जाते. ऑक्सिजनचा तुटवडा झाला तर धोक्याची सूचना वेदनेच्या रूपाने मिळत नाही. उलट मनाला एक फसवा उत्साह येतो, नखे निळसर पडतात, आणि ३५,००० फुटांवर अर्ध्या ते एका मिनिटात निर्णयशक्ती संपते. आपण चुकत आहोत हे कळण्याचे साधनच आधी बंद पडते. यासाठीच भारतीय हवाईदलाच्या वैमानिकांना जमिनीवरील न्यूनदाब कक्षात बसवून ही लक्षणे आधी अनुभवायला लावतात. बंगळूरु येथे १९५७ मध्ये सुरू झालेली वैमानिकी वैद्यकशास्त्राची संस्था या प्रशिक्षणाचे केंद्र आहे.

शरीराइतकीच अडचण पंखांची असते. पंखाला वर उचलणारे बल हवेच्या घनतेवर आणि वेगावर अवलंबून असल्याने हवा विरळ झाली की तेच वजन तोलण्यासाठी वेग वाढवावा लागतो. ठराविक वेगाच्या खाली गेले की पंखावरचा प्रवाह तुटतो आणि विमान कोसळू लागते. या अवस्थेला स्टॉल म्हणतात. दुसऱ्या बाजूला ध्वनीचा वेग तापमान घटेल तसा घटतो, आणि जे विमान ध्वनीच्या वेगाजवळ जाण्यासाठी बनवलेले नसते ते त्या वेगाच्या आसपास थरथरू लागते व त्याचा ताबा सुटतो. जितके उंच जावे तितकी खालची मर्यादा वर सरकते आणि वरची मर्यादा खाली येते. यू-२ विमानासाठी ७०,००० फुटांच्या आसपास या दोहोंमध्ये अवघे पाच-दहा नॉटचे अंतर उरे, आणि वैमानिकांच्या बोलीत या अरुंद फटीला कॉफिन कॉर्नर हे नाव पडले. अशा फटीत विमान वळवतानाही आतला पंख मंद आणि बाहेरचा वेगवान होतो, म्हणून वळणे फार सौम्य घ्यावी लागतात.

कॅनबेराने या अडचणीवर आपल्या काळापुरता काढलेला तोडगा साधा होता: भरपूर रुंद पंख. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीच्या या दोन इंजिनी विमानाने १३ मे १९४९ रोजी पहिले उड्डाण केले आणि १९५३, १९५५ व १९५७ असे तीनदा उंचीचे जागतिक विक्रम प्रस्थापित केले. त्यांतील शेवटचा, रॉकेट इंजिनाची जोड दिलेल्या विमानाचा, ७०,३१० फुटांचा होता. भारताने १९५७ मध्ये बाँबफेकी कॅनबेरांसोबत छायाचित्रणासाठीची पीआर-५७ जातीची आठ विमाने मागवली आणि ती पुढे आग्र्याच्या १०६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे सोपवली गेली. बाँबफेकी कॅनबेरांशी महाराष्ट्राचा संबंध अधिक जवळचा आहे, कारण त्यांचे एक प्रमुख ठाणे पुण्याचे लोहगाव होते. गोवा मुक्तीच्या वेळी, १८ डिसेंबर १९६१ रोजी, विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरा पुण्याहून उडाली आणि दाबोळीची धावपट्टी निकामी करून परतली. विमानतळाची इमारत मात्र जाणीवपूर्वक वाचवली गेली.

पीआर-५७ मध्ये दोनच माणसे असत. वैमानिक वर घुमटाकार काचेखाली बसे आणि नॅव्हिगेटर, म्हणजे मार्ग आखणारा अधिकारी, छायाचित्रणाच्या वेळी नाकाच्या काचेजवळ पालथा पडून खालची जमीन पाहत असे. कॅमेऱ्याचे गणित पाहिले की वैमानिकावर किती बारीक शिस्त लादली जाते ते कळते. छायाचित्राचे प्रमाण काढायचे तर विमानाच्या उंचीला भिंगाच्या नाभीय अंतराने भागायचे. ३६ इंच नाभीय अंतराचे भिंग साडेचौदा किलोमीटरवरून वापरले तर प्रमाण सुमारे १ : १६,००० येते, म्हणजे दहा मीटर लांबीचा ट्रक फिल्मवर अर्ध्या मिलिमीटरहून थोडा मोठा उमटतो. आता विमान एकाच अंशाने एका बाजूला कलले, तर कॅमेऱ्याची नजर जमिनीवर अडीचशे मीटर सरकते. एवढ्याने एखादा पूल किंवा तोफांची रांग चौकटीबाहेर जाऊ शकते. शिवाय लागोपाठच्या दोन छायाचित्रांनी एकमेकांचा सुमारे साठ टक्के भाग झाकावा लागतो, कारण तोच प्रदेश दोन जागांवरून टिपलेला असला तरच स्टिरिओस्कोप या दुहेरी भिंगाखाली त्याचा उठाव दिसतो, आणि तंबू व खडक, खंदक व नाला, खरे विमान व बनावट विमान यांतला फरक उठावावरून आणि सावलीच्या लांबीवरून ठरतो. वेग किंवा उंची मध्येच बदलली की हे झाकण्याचे प्रमाण बिघडते. शत्रूचे विमान मागे लागल्याची शंका आली तरी पट्टा पूर्ण होईपर्यंत वैमानिकाने रेषा सोडायची नसते. त्याच्या धैर्याची खरी परीक्षा या काही मिनिटांत होते, आणि युद्धकथांमध्ये तिला मिळायला हवी तेवढी जागा क्वचितच मिळाली आहे.

रेषेला आणखी दोन शत्रू असतात. एक म्हणजे विमानाच्या मागे उमटणारी पांढरी रेघ: इंजिनातून निघालेल्या वाफेचे थंडीत बर्फाचे कण होतात आणि लपून जाणारे विमान खालून मैलोन्‌मैल दिसू लागते, म्हणून टेहळणी वैमानिक त्या दिवशी रेघ कोणत्या थरात उमटते याची हवामान खात्याकडून माहिती घेऊन त्याच्या वर किंवा खाली राहतो. दुसरा शत्रू ढग. कोकणावर जून ते सप्टेंबर जो पडदा असतो त्यातून कोणताही साधा कॅमेरा पाहू शकत नाही, आणि उपखंडातील मोठ्या मोहिमांच्या आधीची बरीचशी हवाई छायाचित्रे पावसाळा सरल्यानंतरच्या स्वच्छ आठवड्यांत घ्यावी लागली ती याच कारणाने.

केवळ उंचीच्या भरवशावर राहता येत नाही हे भारतीय हवाईदलाला फार लवकर कळले. १० एप्रिल १९५९ रोजी, ईदच्या दिवशी, स्क्वाड्रन लीडर जे. सी. सेनगुप्ता आणि फ्लाइट लेफ्टनंट एस. एन. रामपाल यांचे कॅनबेरा रावळपिंडीजवळ पाकिस्तानी सेबर विमानाने पाडले. सेबर त्या उंचीवर सहज पोहोचू शकत नव्हते. पाकिस्तानी नोंदींनुसार वळण घेताना कॅनबेराची उंची थोडी घटली आणि तेवढ्यात ते टप्प्यात आले. दोघेही आसनासह बाहेर पडून वाचले, पकडले गेले आणि पुढे मायदेशी परतले. वर सांगितलेले वळणाचे गणित येथे प्रत्यक्षात उतरलेले दिसते. वर्षभरानंतर, १ मे १९६० रोजी, सोव्हिएत क्षेपणास्त्राने फ्रान्सिस गॅरी पॉवर्स यांचे यू-२ विमान पाडले, आणि वीस किलोमीटरची उंचीही सुरक्षित नाही हे जगाला समजले.

याच काळात १०६ स्क्वाड्रनचे जगमोहन नाथ तिबेट आणि अक्साई चीनवरून उडत होते. त्यांना १९६२ मध्ये महावीर चक्र मिळाले ते दिवसा आणि रात्री, दुर्गम डोंगराळ मुलखावरून, प्रतिकूल हवामानात केलेल्या दीर्घ उड्डाणांबद्दल. १९६५ च्या युद्धातील पाकिस्तानवरच्या उड्डाणांसाठी तेच पदक पुन्हा मिळाले आणि ते दोनदा मिळवणारे ते पहिले अधिकारी ठरले. तिबेटचे पठारच साडेचार-पाच किलोमीटर उंच असल्याने तेथे विमानाची जमिनीपासूनची खरी उंची घटते, विश्वासार्ह नकाशे व रेडिओ-मार्गदर्शन नव्हते, आणि इंजिन बंद पडले तर उतरण्याजोगी जागा शेकडो किलोमीटरवर नव्हती. नाथ यांनी आणलेल्या छायाचित्रांत चिनी सैन्याची जमवाजमव दिसत होती. पुढे दिलेल्या मुलाखतींत त्यांनी स्पष्ट म्हटले की ही माहिती वरपर्यंत गेली, पण तिच्या आधारे निर्णय घेतले गेले नाहीत, आणि चीनचे हवाई सामर्थ्य तिबेटात नगण्य असताना भारताने आपली लढाऊ विमाने वापरलीच नाहीत. टेहळणीच्या इतिहासातील ही सर्वांत क्लेशदायक बाब मानली पाहिजे. जीव धोक्यात घालून आणलेल्या फिल्मची किंमत ती पाहणाऱ्याच्या तयारीवर ठरते. जे दिसते ते मान्य करण्याची तयारी नसेल तर भिंग कितीही चांगले असून उपयोग होत नाही. चीनबरोबरच्या १९६२ च्या युद्धाच्या धक्क्याने भारताने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकी यू-२ विमानांना सीमाभागावरून उडण्याची परवानगी दिली आणि १९६४ मध्ये ओडिशातील चारबतिया तळावरूनही त्यांची उड्डाणे झाली. आपल्याच वैमानिकांनी आधी टिपलेला प्रदेश परक्यांच्या कॅमेऱ्यातून पुन्हा पाहण्याची ही वेळ होती. नाथ यांनी हवाईदल सोडल्यावर एअर इंडियाची विमाने चालवली आणि २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९७१ च्या युद्धात १०६ स्क्वाड्रनचे नेतृत्व विंग कमांडर रमेश सखाराम बेनेगल यांच्याकडे होते. पश्चिम किनाऱ्यावरील वाचकाला आडनावावरूनच ओळखीचा वाटणारा हा अधिकारी किशोरवयात नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी टोकियोला लष्करी शिक्षणासाठी पाठवलेल्या भारतीय मुलांपैकी एक होता, आणि स्वातंत्र्यानंतर त्याने भारतीय हवाईदलाचा मार्ग धरला. शत्रूच्या मुलखात खोलवर, नि:शस्त्र विमानाने, संरक्षणाची फळी असलेल्या ठिकाणांवरून वारंवार जाऊन माहिती आणल्याबद्दल बेनेगल यांना महावीर चक्र देण्यात आले.

पुढच्या दशकात क्षेपणास्त्रे वाढली आणि मंद गतीच्या कॅनबेराला पाकिस्तानवर किंवा तिबेटवर उघडपणे पाठवणे अशक्य झाले. १९८१ मध्ये बरेलीच्या १०२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये आलेल्या मिग-२५ ने उंचीला वेगाची जोड दिली. ध्वनीच्या २.८३ पट हा त्याचा कमाल वेग, म्हणजे ताशी सुमारे ३,००० किलोमीटर किंवा मिनिटाला पन्नास किलोमीटर. डोंबिवलीहून मुंबई सीएसएमटीचा लोहमार्ग अठ्ठेचाळीस किलोमीटरचा आहे आणि जलद लोकलला तो कापायला तासाच्या आसपास वेळ लागतो. मिग-२५ ला तेवढे अंतर एका मिनिटाहूनही कमी वेळात पार होई. या वेगाला समोरून आदळणारी हवा दाबली जाऊन सुमारे २९० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, म्हणून बाहेरची थंडी उणे ५६ अंश असूनही विमानाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा करता आला नाही. त्याचा बहुतांश भाग निकेल मिसळलेल्या पोलादाचा आहे. वीस टनांच्या आसपास रिकामे वजन आणि त्यावर चौदा-पंधरा टन इंधन असा हा भार इंजिनांच्या जोरावर वर जाई, आणि वेग २.८३ च्या पलीकडे नेला तर इंजिने कायमची निकामी होण्याचा धोका असे. १९७७ मध्ये अलेक्सांद्र फेदोतोव यांनी याच जातीच्या सुधारित विमानाने ३७,६५० मीटर उंची गाठली.

एवढ्या वेगात वैमानिकाचे काम हातापेक्षा डोक्याचे अधिक होते. वळणाचा हिशेब पाहिला तर हे लगेच पटते: ४५ अंश कललेल्या मिग-२५ च्या वळणाची त्रिज्या सुमारे ७० किलोमीटर येते, म्हणजे डोंबिवलीवर सुरू केलेले अर्धवर्तुळाकार वळण पूर्ण होईपर्यंत विमान आपल्या मूळ रेषेपासून १४० किलोमीटर बाजूला सरकलेले असेल, डोंबिवलीपासून पुणे हवाई अंतराने त्याहून जवळ आहे. म्हणून परतीचे वळण कुठे घ्यायचे ते उड्डाणाच्या आधी, जमिनीवर, नकाशावर ठरे आणि काही सेकंदांची दिरंगाईही दुसऱ्या देशाच्या हद्दीत किंवा इंधनाच्या तुटवड्यात नेऊ शकत होती. बहुतेक पट्टा स्वयंचालक यंत्रणा उडवी, वैमानिक तापमान, इंधन आणि वेळ यांच्यावर नजर ठेवी, आणि खिडकीतून दिसणारा वक्र क्षितिजाचा देखावा पाहण्यास त्याला फारसा वेळ मिळत नसे. मे १९९७ मध्ये इस्लामाबाद परिसरात स्फोटासारखा आवाज झाला आणि तो भारतीय मिग-२५ चा असल्याचे पाकिस्तानने म्हटले. ध्वनीपेक्षा वेगाने जाणारे विमान आपल्यामागे दाबलहरींचा शंकू ओढत नेते आणि तो जमिनीला टेकतो तेथे असा दणका ऐकू येतो, म्हणजे वेग वैमानिकाला पकडण्यापासून वाचवतो, पण अज्ञात राहू देत नाही.

जुने कॅनबेरा मात्र निवृत्त झाले नव्हते. २१ मे १९९९ रोजी, कारगिल संघर्ष पेटत असताना, स्क्वाड्रन लीडर ए. पेरुमल आणि स्क्वाड्रन लीडर यू. के. झा यांचे पीआर-५७ बटालिक भागाची छायाचित्रे घेत होते. विमान सुमारे २२,००० फुटांवर असले तरी खालची शिखरेच सोळा-सतरा हजार फूट उंच होती, त्यामुळे खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राच्या टप्प्यात ते आले आणि उजव्या इंजिनाला मार बसला. पेरुमल यांनी एका इंजिनावर विमान श्रीनगरला सुखरूप उतरवले. समुद्रसपाटीपासूनची उंची आणि जमिनीपासूनची उंची यांतला फरक तिबेटवर नाथ यांना जाणवला तोच येथे चाळीस वर्षांनी पुन्हा निर्णायक ठरला.

मिग-२५ १ मे २००६ रोजी बरेलीत आणि कॅनबेरा ११ मे २००७ रोजी आग्र्यात सेवामुक्त झाले. त्यापूर्वीच, २२ ऑक्टोबर २००१ रोजी, इस्रोने टीईएस हा उपग्रह सोडला होता, आणि १० जानेवारी २००७ ला गेलेल्या कार्टोसॅट-२ ला एका मीटरहून लहान वस्तू ओळखता येत होत्या. उपग्रहाला ऑक्सिजन लागत नाही, त्याला पाडणे सोपे नाही आणि पकडलेल्या वैमानिकाच्या सुटकेसाठी वाटाघाटी कराव्या लागत नाहीत. परंतु त्याची कक्षा आधीच ठरलेली असल्याने तो कधी डोक्यावर येणार हे प्रतिपक्षालाही काढता येते, आणि त्या वेळेपुरती वाहने आडोशाला नेता येतात. वैमानिकासह जाणारी टेहळणी त्यामुळे संपली नाही, तिचे रूप बदलले. आता लढाऊ विमानांच्या पोटाखाली लावता येणाऱ्या लांबट संचांत कॅमेरे किंवा रडार असते, आणि १९९७ पासून पुण्याच्या लोहगाव तळावर आलेल्या सुखोई-३० सारख्या विमानांवरही असे संच वापरता येतात. रडारने चित्र घेण्याच्या पद्धतीत विमान सरळ जात असताना पाठोपाठ पाठवलेल्या लहरींची उत्तरे एकत्र जोडली जातात आणि लहानशा ॲन्टेनाला फार मोठ्या ॲन्टेनाची दृष्टी मिळते. ढग आणि अंधार या दोहोंतून ती पाहू शकते, त्यामुळे पावसाळ्याचा पडदा पूर्वीसारखा अडथळा राहिलेला नाही. मात्र या गणनेसाठी विमानाने प्रत्येक क्षणी नेमके कुठे असावे हे आधी ठरलेले असते, आणि सीमेच्या अलीकडून समांतर जाणाऱ्या त्या पट्ट्यात सुखोईच्या वैमानिकालाही उंची, वेग व दिशा तितक्याच काटेकोरपणे धरून ठेवाव्या लागतात.